नवी पेठेतली जुनी पेढी: गर्डर-कमानीचा मजला पाडायचा की ठेवायचा?

पेठकर_७

सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका जुन्या इमारतीबद्दल विचारायचं आहे. खाली दुकान, वर कापडाची पेढी आणि हिशेबाची कचेरी, त्याच्यावर गोदाम, असा तळमजला अधिक दोन मजले. दर्शनी रुंदी १८ फूट, खोली साधारण ६० फूट. बाजूच्या भिंती तळाशी दोन फूट जाडीच्या, काळा दगड आणि चुना. वर दीड फुटी वीटकाम.

दोन्ही मजले लोखंडी गर्डर आणि मध्ये विटांच्या चपट्या कमानी असे आहेत. गर्डर रुंदीच्या बाजूने, म्हणजे एका बाजूच्या भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर टाकलेत. दोन गर्डरमधलं अंतर, म्हणजे एक गाळा, ४ फूट, भिंतींमधलं अंतर १४ फूट, कमानीची उंची पावणेपाच इंच. गर्डर ८ इंच उंच, वरची-खालची आडवी पट्टी (फ्लँज) ४ इंच रुंद. गच्चीचा पुढचा भाग याच पद्धतीचा, मागे सागवानी कैच्यांवर मंगलोरी कौलं.

दोष असे: गच्चीखाली गर्डरच्या रेषेत गिलावा निखळतोय, तांबडे ओघळ आहेत. दुसऱ्या मजल्यावर रस्त्याकडच्या पहिल्या गाळ्यात कमानीच्या बरोबर माथ्यावर, गर्डरला समांतर, आठ-नऊ फुटांची भेग आहे. दर्शनी भिंत वरच्या बाजूला किंचित बाहेर झुकल्यासारखी वाटते. कंत्राटदार म्हणतो, सगळं सडलंय, पाडा आणि आरसीसी स्लॅब टाका.

दुसरा प्रश्न काळाचा. दर्शनी गिलाव्यात 'शके १८४९' कोरलेलं आहे, पण मागची बाजू त्याहून जुनी वाटते. पक्का काळ कसा ठरवतात?

चुनखडी

आधी काळाचं बघू, कारण दुरुस्तीची निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

शकात ७८ मिळवा. शके १८४९ म्हणजे १९२७, आणि पौषाच्या पुढचे महिने असतील तर १९२८. पण दर्शनी भागावरचं साल हे त्या गिलाव्याचं साल असतं, इमारतीचं असेलच असं नाही. पेठांमध्ये धंदा वाढला की तोंड नवं करायची रीतच होती. मागे दगडी वाडा, पुढे विटांची पेढी, वर महिरप आणि कठडा. त्यामुळे साल वाचून थांबू नका, माल वाचा.

गर्डरच्या पोटावर, म्हणजे उभ्या पत्र्यावर, उठावाची अक्षरं असतात. चुन्याचा थर तारेच्या ब्रशने काढा, विजेरी तिरपी धरा, म्हणजे दिसतील. डॉर्मन लाँग, फ्रॉडिंगहॅम, ग्लेनगारनॉक अशी नावं आली तर माल विलायती. टाटांच्या साकची कारखान्यातून पहिलं पोलाद १९१२ साली निघालं, तेव्हा 'टाटा' असेल तर त्यानंतरचा. मापही बोलतं. ८ बाय ४ इंच म्हणजे २०३ बाय १०२ मिलिमीटर. मोजल्यावर बरोबर २०० बाय १०० आलं तर तो आयएसएमबी, म्हणजे भारतीय मानकाच्या मापाचा गर्डर आहे, म्हणजे १९५० च्या दशकाच्या अखेरीनंतरचा. कॅलिपर लावल्याशिवाय हा फरक कळत नाही, आणि गंजलेल्या टोकाशी तर मोजूच नका.

गच्चीखाली गर्डरऐवजी रूळ आहेत का तेही बघा. सोलापूरला रेल्वे १८६० मध्ये आली आणि बदललेले जुने रूळ पुढे कित्येक घरांच्या छतांत गेले. रुळाच्या पोटावर कारखाना, वजन आणि साल तिन्ही असतात. लोक ते साल बघून खूश होतात. त्यातून कळतं एवढंच की छत त्या सालाच्या आधीचं नाही. रूळ वीस-तीस वर्षं गाड्यांखाली राहून मग लिलावात आलेला असतो.

बाकी खुणा. मंगलोरी कौलांचा कारखाना बासेल मिशनने मंगळुरात १८६५ ला काढला, त्याआधी ही कौलं नाहीत. कौल उलटं करून छाप वाचा. पोरबंदरचा सिमेंट कारखाना १९१४ चा. पोटातला मसाला करडा आणि कडक असेल तर तो भाग बहुधा त्यानंतरचा किंवा दुरुस्तीचा. रंगीत नक्षीच्या सिमेंट फरश्या दिसल्या तर मुंबईच्या भारत टाइल्सची सुरुवात १९२२ ची हे लक्षात ठेवा, त्याआधीच्या बहुतेक परदेशी. १९४२ नंतर बर्मी सागवान येणं जवळपास बंद झालं आणि महायुद्धात पोलाद-सिमेंटवर नियंत्रणं आली. म्हणून १९४२ ते ४६ मध्ये पेठेत फारसं नवं बांधकाम अपेक्षित नाही.

कागद: नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका आणि तिच्यामागची चौकशी नोंद, पालिकेचं जुनं करआकारणी रजिस्टर, दुय्यम निबंधकाकडची सूची दोन. कररजिस्टरात एखाद्या वर्षी आकारणी एकदम वाढलेली दिसली की समजा, मजला चढला किंवा तोंड नवं झालं. जुनी खरेदीखतं मोडीत असतील, आणि सोलापूर असल्याने वह्या कानडी किंवा तेलुगूतही निघतील. वाचणारा आधी शोधून ठेवा.

थोडं विषयांतर. ही कमानीची फरशी मुळात कचेरीसाठी जन्मलीच नाही. इंग्लंडातल्या सूतगिरण्या कापसाच्या आगीत जळत, म्हणून १७९२-९३ मध्ये विल्यम स्ट्रटने डर्बीच्या गिरणीत लाकडी तख्ताऐवजी विटांच्या कमानी घातल्या, आणि १७९७ च्या श्रूजबरीच्या जवसाच्या धाग्याच्या (फ्लॅक्स) गिरणीत तुळयाही ओतीव लोखंडाच्या आल्या. पुढे हीच फरशी गिरण्या आणि रेल्वेबरोबर इकडे आली. सोलापुरात १८७७ ची जुनी गिरणी, १८९८ ची नरसिंग गिरजी, मग विष्णू, लक्ष्मी. गिरणीला चालतं ते कापडाच्या पेढीला का चालू नये, असा तो हिशेब. म्हणून नवी पेठ, चाटी गल्लीच्या बाजूला या फरशा दिसतात आणि घरगुती वस्तीत माळवद (मातीचं धाबं) आणि कडीपाट (लाकडी छत) दिसतो.

अशा इमारती दोन-तीन मजल्यांवर थांबल्या त्यालाही कारण आहे. भार भिंतीवर असला की उंचीबरोबर भिंत जाड होत जाते. शिकागोची मोनॅडनॉक इमारत १८९१ ची, सोळा मजली, विटांच्या भारवाहू भिंतींची, आणि तळाशी भिंत सहा फूट जाड. तिच्या आधीच, १८८५ ला, त्याच शहरात होम इन्शुरन्स इमारतीने भार लोखंडी सांगाड्यावर घ्यायला सुरुवात केली होती. मुंबईत वॉटसन हॉटेलचा ओतीव लोखंडाचा सांगाडा १८६० च्या दशकातला, तो तर इंग्लंडात घडवून जहाजाने आणलेला. तरीही १८ फुटी दर्शनी पट्टीत कोणी सांगाडा घालणार नाही. दोन्ही बाजूंना भिंती तयार आहेत, गर्डर टाकला की मजला झाला. भिंतींमधलं अंतर चौदा-पंधरा फुटांच्या पुढे फारसं जात नाही ते याच गणिताने.

शटरिंगवाला

इतिहास छान आहे, पण गर्डर गंजलाय हे मान्य ना? गंज आतून किती गेलाय ते कोणाला दिसतं? स्लॅब टाका, पन्नास वर्षं बघायला नको. पेठेतल्या बऱ्याच जणांनी केलंय.

कमान_आणि_ताण

पेठेतल्या बऱ्याच जणांनी केलंय आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या शेजारच्या भिंतीला भेगा गेल्यात, हेही सांगा की ओ.

पेठकर, तुमच्याकडे दोन वेगळे आजार आहेत, ते एकत्र करू नका. गर्डरच्या रेषेत निखळणारा गिलावा हा गंजाचा. कमानीच्या माथ्यावर गर्डरला समांतर भेग हा पसरण्याचा. पहिल्याचं कारण पाणी, दुसऱ्याचं कारण आडवा रेटा.

रेट्यापासून सुरू करू. चपटी कमान खाली जितकी दाबते त्याहून जास्त बाजूला ढकलते. दर मीटर लांबीला आडवा रेटा काढायचं सूत्र: भार गुणिले गाळ्याचा वर्ग, भागिले आठ पट उंची. तुमच्या मजल्यावर साडेचार इंची वीट, तिच्यावर चुन्याचं काँक्रीट, शहाबादी फरशी आणि कचेरीचा चालता (माणसं-सामानाचा) भार मिळून चौरस मीटरला ७.५ किलोन्यूटन धरा. गाळा १.२ मीटर, उंची ०.१२ मीटर. ७.५ × १.४४ भागिले ०.९६, म्हणजे दर मीटरला ११ किलोन्यूटनच्या वर, साधारण १.१५ टन. मधल्या गाळ्यांत शेजारची कमान उलट ढकलते म्हणून गर्डर जागेवर राहतो. कडेच्या गाळ्यात, म्हणजे तुमच्या रस्त्याकडच्या पहिल्या गाळ्यात, पलीकडून ढकलायला कोणी नाही. तिथे तो रेटा दर्शनी भिंतीने घ्यायचा किंवा आडव्या गजाने.

म्हणून दोन गोष्टी तपासा. एक, पहिल्या दोन गाळ्यांत गर्डर ते गर्डर आणि गर्डर ते भिंत असे ताणगज आहेत का. ते खालच्या पट्टीच्या थोडं वर, पाच ते सात फुटांवर एक, पाऊण ते एक इंच जाडीचे असतात. खोट्या छतासाठी किंवा एसीच्या नळीसाठी 'मध्ये येतात' म्हणून कापलेले सापडतात. गर्डरच्या पोटाला रिकामी भोकं दिसली की गज होता असं समजा. दोन, तळमजल्यावर दर्शनी बाजूचा खांब काढून रुंद शटर बसवलंय का. तसं असेल तर ज्या भिंतीने रेटा घ्यायचा तिचे पायच कापले गेलेत. 'वरून बाहेर झुकते' या लक्षणाशी दोन्ही गोष्टी जुळतात.

गज परत घालणं मोठं काम नाही. दोन मीटरवर एक गज धरला तर त्याच्यावर साडेबावीस किलोन्यूटन. २० मिलिमीटरच्या गजाचं आट्यांजवळचं क्षेत्र २४५ चौरस मिलिमीटर, ताण चौरस मिलिमीटरला ९२ न्यूटनच्या आसपास, साध्या पोलादाला चालतो. कडेच्या गाळ्यात गज भिंतीतून बाहेर काढून ३०० मिलिमीटरची पट्टी किंवा ओतीव चकती लावा, आणि किमान दोन गाळे मागेपर्यंत न्या. एकाच गर्डरला बांधलात तर तो गर्डरच आडवा वाकेल, कारण आडव्या दिशेने तो फार कमजोर असतो. नट घट्ट करा ते फक्त ढिलाई जाईपर्यंत. भिंत आत ओढायला जाऊ नका, भेगेत शिरलेला कचरा ती मिटू देत नाही आणि नवी भेग दुसरीकडे निघते. गज ताणल्यावरच भेगेत चुन्याचा पातळ मसाला भरायचा. आधी भरलात तर कमान पसरलेल्या आकारातच पक्की होते.

आता गंज. 'सडलंय' हा शब्द मोजमाप नाही. पट्टीच्या कडेचा खवला हातोडीने काढा आणि अल्ट्रासोनिक जाडीमापकाने मधे, पाव अंतरावर आणि दोन्ही टोकांना जाडी घ्या. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट फुगतो, त्यामुळे बोटभर खवल्यामागे दीड-दोन मिलिमीटरच गेलेलं असू शकतं. तुमच्या गर्डरचा हिशेब सांगतो. गर्डरची हिशेबाला धरायची लांबी ४.५ मीटर, दर मीटरला भार सव्वानऊ किलोन्यूटन, वाकाचा घात (बेंडिंग मोमेंट) २३.४ किलोन्यूटन-मीटर. शाबूत गर्डरात ताण साधारण १०५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. खालच्या पट्टीची दोन मिलिमीटर गेली तर छेदाची ताकद सुमारे १३ टक्के घटते आणि ताण १२१ च्या घरात जातो. जुन्या विलायती पोलादाला त्या काळी आठ टन प्रति चौरस इंच, म्हणजे १२३ च्या आसपास, धरत. तेव्हा दोन मिलिमीटर ही काठावरची रेषा. त्याच्या आत असेल तर साफ करून रंगवा आणि भार आवरा, बाहेर गेलं तर मजबुती.

आणि हा हिशेब कचेरीचा आहे. आयएस ८७५ (इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक) च्या दुसऱ्या भागात कचेरीला, साठवण वेगळी असेल तर २.५, नसेल तर ४, फायलींच्या खोलीला चौरस मीटरला ५ किलोन्यूटन. कापडाचे गठ्ठे छातीभर रचले तर त्याच्याही पुढे जातं. गोदाम दुसऱ्या मजल्यावर आहे म्हणता, तर दुरुस्तीची पहिली पायरी गठ्ठे तळमजल्यावर आणणं हीच.

मजबुतीसाठी खालच्या पट्टीला प्लेट जोडतात. त्याआधी लोखंड कुठलं ते ठरवा. घडीव लोखंड पापुद्र्यांचं असतं, वेल्ड केलं तरी थर सुटतो. ओतीव लोखंडाला आणि रुळाला साध्या कामावरचं वेल्डिंग करूच नका, उष्णतेजवळ तडकतात. साधं पोलाद असेल तरच, आणि तेही आधी टेकू लावून भार काढल्यावर. प्लेट पट्टीपेक्षा अरुंद घ्या, ८० मिलिमीटर रुंद, ८ मिलिमीटर जाड, कारण कमानीची वीट पट्टीवरच बसलेली असते आणि रुंद प्लेट बसायला जागा नसते. जोड सलग नको. ५० मिलिमीटर जोड, १०० सोडा, परत ५०, दोन्ही बाजूंना आलटून पालटून. सलग जोडलात तर वीट तापून कमानीचा बुंधा चुरतो. वेल्डिंग नकोच असेल तर गर्डरांच्या मधोमध खालून आडवी तुळई घालून तिचा भार तिच्याखालच्या नव्या खांबांवर उतरवा. कचेरीची उंची जाते, पण गर्डरची मोकळी लांबी निम्मी होते.

सगळ्यात वाईट जागा मात्र गर्डरचं भिंतीतलं टोक, आणि ते कोणी बघतच नाही. पावसाचं पाणी भिंतीतून तिथेच साचतं. प्रत्येक संशयित टोकाशी एक वीट काढून बघा.

शटरिंगवाले, पाडायचं ठरलं तरी एक गाळा फोडून पुढे जायचं नाही. मधली कमान काढली की शेजारच्या कमानीचा रेटा उघड्या गर्डरवर येतो, तो आडवा सरकतो आणि पत्त्यांसारखे गाळे एकामागून एक खाली येतात. आधी सगळ्या गाळ्यांत कमानीखाली लाकडी साचे किंवा टेकू, गर्डरांमध्ये आडवे धीरे, मग सगळ्या गाळ्यांतून थोडं थोडं.

पेठकर_७

खूप उपयोग झाला. तपासणीत आलेलं असं: शटर रुंद केलंय, मधला दगडी खांब काढून वर दोन चॅनल टाकलेत. पहिल्या गाळ्यात पोटाला रिकामी भोकं आहेत, गज नाही. गर्डरवर अक्षरं विलायती, उंची २०३. गच्चीखाली मात्र चार ठिकाणी रूळ. पट्टीची जाडी मधल्या मजल्यावर अर्धा ते एक मिलिमीटर कमी, गच्चीखाली दोन गर्डर तीन मिलिमीटरने कमी. गच्चीवर ब्रिकबॅट कोब्याचे (गळती थांबवायला विटांचे तुकडे आणि मसाला) तीन थर एकावर एक, मिळून फूटभर.

निरू_घोटाई

फूटभर कोबा! चौरस मीटरला साडेपाच-सहा किलोन्यूटन नुसता डोक्यावर. तुमच्या कचेरीच्या चालत्या भाराच्या दुप्पट, आणि तो चोवीस तास. गळतं म्हणून कोबा टाकायचा, वजनाने आणि उन्हाने तो चिरतो, परत गळतं, परत कोबा. पाणी खालच्या थरात अडकून राहतं, म्हणून पाऊस थांबल्यावर महिनाभरही ओघळ चालू दिसतो.

तिन्ही थर काढा. ब्रेकर नको, छिन्नी-हातोडी आणि थोडं थोडं. काढलेला राडारोडा गच्चीच्या एका कोपऱ्यात रचून ठेवू नका, लगेच खाली. कमानीच्या पाठीपर्यंत आलात की थांबा. कमानीच्या दोन्ही बगलांतलं चुन्याचं भरण काढायचं नाही, त्याच्याशिवाय चपटी कमान डोलते.

तीन मिलिमीटर गेलेले दोन गर्डर बदला, रूळ ठीक असतील तर राहू द्या पण जोडकाम नको. गंज काढल्यावर लोखंड त्याच दिवशी प्राइमरखाली गेलं पाहिजे. वीट आणि पट्टीमधली फट चुन्याच्या मसाल्याने भरा. प्लास्टर ऑफ पॅरिस लोखंडाला लागू देऊ नका, ते ओल धरतं आणि चुन्यासारखं रक्षण करत नाही. खाली परत खोटं छत करणार असाल तर दर गाळ्यात उघडणारी एक चौकट ठेवा. गळती आधी डोळ्यांना दिसली पाहिजे.

वर नवं काम चुन्याचंच. विटांचे इंचभर तुकडे, चुना-सुरखीचा (सुरखी म्हणजे विटांची भुकटी) मसाला, चार इंच पसरून लाकडी थापीने तीन इंचावर येईपर्यंत कुटायचं. हे काम एका दिवसाचं नाही, पाच-सहा दिवस कुटाई चालते, थापी उसळायला लागली की झालं. कुटताना गूळ आणि हिरड्याचं पाणी शिंपडतात. उतार साठ फुटाला एक फूट तरी. पुढे किमान दहा दिवस ओलं गोणपाट. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात हे काम काढू नका, पाणी टिकत नाही आणि थर कातडीसारखा ताणून फाटतो. दसऱ्यानंतर ते माघ हा बरा काळ. पन्हळी दोन ठेवा, एक तुंबली तरी दुसरी चालते, आणि भिंतीलगत कोन गोल करून नऊ इंच वर चढवा. निम्मी गळती त्या कोनातूनच असते.

भिंतींना सिमेंटचा गिलावा असेल तर तोही उतरवा. दगड-चुन्याची भिंत ओल शोषते आणि बाहेर सोडते. वर सिमेंट आलं की ओल आतच राहते आणि शेवटी गर्डरच्या टोकाशी जाते. दरजा (दगड-विटांमधल्या सांधी) भरताना जुना मसाला २० ते २५ मिलिमीटर खरवडा, पाणी मारा, एक चुना तीन वाळूचा मसाला दाबून भरा. चुना पिशवीतला ताजा नको, भिजवून किमान दोन आठवडे मुरलेला. चुना मळायची घाणी मिळत नाही आता, पण मिक्सरमध्ये जास्त वेळ फिरवून बऱ्यापैकी जमतं. 'शके १८४९' चा दर्शनी गिलावा तेवढा वाचवा. पोकळ वाजणाऱ्या जागी बारीक भोक पाडून चुन्याचं दूध सोडलं तर पकडतो.

फाइलबंद

कागदाचं थोडक्यात. तीस वर्षांवरच्या इमारतीला महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे पालिकेकडे नोंदलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरची तपासणी लागतेच. अहवालात वर्ग येतो: सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा, सी-२ए रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ किरकोळ. वर दिलेली जाडीची मोजमापं त्या अहवालाला जोडून घ्या. नुसत्या 'सडलंय' वर सी-१ लागला आणि कलम २६४ ची नोटीस निघाली, तर ती परत फिरवणं फार जड जातं. भाडेकरू असतील तर अहवालाची प्रत त्यांनाही द्या. इमारत वारसा यादीत आहे का ते नगररचना विभागात विचारा. असल्यास दर्शनी बाजूला हात लावण्याआधी परवानगी. शटरचा खांब परत बांधण्यालाही दुरुस्ती परवानगीत नमूद करून घ्या, नाहीतर वाढीव बांधकाम म्हणून लिहिलं जातं.

शटरिंगवाला

बरं, मजला ठेवा. पण भूकंपाचं काय? किल्लारी लांब नाही. कमानी सुट्या, गर्डर भिंतीत नुसते खोचलेले.

कमान_आणि_ताण

हा मुद्दा बरोबर आहे आणि तो सुटला होता. आयएस १८९३ या भूकंपाच्या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत सोलापूर तिसऱ्या क्षेत्रात आहे. कमानीचा मजला भाराला चांगला, पण हलताना तो एक फळी म्हणून वागत नाही, प्रत्येक गाळा आपापला जातो. उपाय स्लॅबचा नाही, बांधण्याचा. वरून फरशी काढून ५० मिलिमीटरचा जाळीचा पातळ थर देता येतो, पण तेवढं वजन आधी कोब्यातून आणि गठ्ठ्यांतून वजा झालं पाहिजे. वजन नको असेल तर गर्डरांखाली तिरप्या पोलादी पट्ट्या फुलीसारख्या मारा आणि चारी बाजूंना भिंतीलगत अँगल फिरवून त्याला गर्डर आणि भिंत दोन्ही बोल्ट करा. आयएस १३९३५ मध्ये याची पद्धत आहे. दगडी भिंत दोन कातळी, म्हणजे आतला आणि बाहेरचा असे दोन सुटे थर असलेली आहे का, मध्ये जोडदगड आहेत का तेही बघा. नसतील तर मीटरभर अंतरावर आरपार भोक घेऊन गज आणि मसाला भरतात, कारण किल्लारीला मुख्यतः अशाच सुट्या दोन कातळी भिंती फुटून घरं बसली होती.

पेठकर, क्रम असा ठेवा: गठ्ठे खाली, शटरच्या चॅनलखाली टेकू, मग पहिल्या तीन गाळ्यांचे ताणगज, मग दर्शनी खांब, आणि त्यानंतरच गच्चीवरचा कोबा. गज घालायच्या आधी कोबा काढायला घेतलात तर कमानीवरचा भार गाळ्यागाळ्यात कमी-जास्त होईल आणि आत्ता आठ फूट असलेली भेग पुढच्या गाळ्यात दिसेल. भेगेवर आजच दोन ठिकाणी काचेची पट्टी एपॉक्सीने चिकटवा, तारीख घाला. दर आठवड्याला फोटो इथे टाकलात तर बघता येईल.

पेठकर_७

काचा लावल्या. दोन्ही शाबूत आहेत, तारीख काचेवरच लिहिली आहे. शटरखालचे टेकू उद्या.